आशीर्वाद नंतर, आधी कान इकडे करा

आशीर्वादपर दोन शब्द बोला, असं सूत्रसंचालकानं आत्ता माइकवरून सांगितलं. शाल दिलीत, नारळ दिलात, फेटा बांधायला निघाला होतात तो मी बांधू दिला नाही. आशीर्वाद देईन, पण नंतर. नाश्त्याच्या वेळी त्या मागच्या टेबलावर जे चाललं होतं, त्याचं आधी बघू. बाईंना हल्ली ऐकायला कमी येतं असा तुमचा समज आहे. येतं कमी, पण मूर्खपणा अजून लख्ख ऐकू येतो.

"कोरोना चीननं मुद्दाम सोडला. बिल गेट्सला ते आधीच ठाऊक होतं. आणि मुळात कोरोना-बिरोना काही नव्हतंच, साधा सर्दी-ताप होता, डॉक्टरांनी धंदा केला." सगळं एका दमात. बोलणारा कोण, तर नववीत विज्ञानात वर्गात पहिला आलेला. आज कृषी सेवा केंद्र चालवतो. ह्याच्या शब्दावर शेतकरी फवारणी करतात. अरे, तुझी वाक्यं एकमेकांच्या उरावर बसली आहेत, एवढं तरी बघ. रोग नव्हताच, तर चीननं सोडलं काय? आणि चीननं सोडला असेल, तर तो होता ना? तुला दोन्ही एकाच वेळी खरं कसं वाटतं, मी सांगते. तो रोग कुठून आला ह्याच्याशी तुला काडीचं देणंघेणं नाही. आपल्याला कुणीतरी फसवतंय आणि ते आपण ओळखलंय, एवढंच तुला हवंय. फसवणारा सोमवारी चीन असला आणि मंगळवारी डॉक्टर असला तरी तुझं काही अडत नाही.

तू एकटा असतास तर बाजूला घेऊन बोलले असते. पण माना डोलावणारे सात-आठ जण होते, आणि त्यांत दोघं शिक्षक. खाली बघू नका. तुमच्या वर्गातली पोरं उद्या हेच बोलणार आहेत.

तुमच्या बॅचच्या ग्रुपमध्ये मला तुम्हीच ओढलंत. सणावाराला हात जोडण्यापलीकडे मी तिथं काही लिहीत नाही, म्हणजे वाचत नाही असं समजू नका. मार्च २०२० पासूनचं सगळं माझ्या फोनात आहे.

कुणी एका इंग्रजी कादंबरीचं पान टाकलं होतं. डीन कूंट्झची कादंबरी, १९८१ सालची, तिच्यात 'वुहान-४००' नावाचा जीवघेणा विषाणू. 'बघा, चाळीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय!' खाली अंगठ्यांची रांग. पहिल्या आवृत्तीत त्या विषाणूचं नाव 'गोर्की-४००' होतं, रशियातल्या शहरावरून. तेव्हा अमेरिकेला रशियाचं भय होतं. पुढं १९८९ च्या आवृत्तीत रशिया गेला आणि वुहान आलं. लेखकाला भविष्य दिसलेलं नव्हतं. वाचकाला सध्या कुणाची भीती घातली तर पुस्तक खपेल, एवढं त्याला कळत होतं. तुम्हाला फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनाही नेमकं तेवढंच कळतं.

मग ते जपानचे तासुकू होंजो. २०१८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालेला माणूस. 'हा विषाणू माणसानं बनवलाय, मी वुहानच्या प्रयोगशाळेत काम केलंय, मला माहीत आहे,' असं त्यांच्या तोंडी घातलेलं. एप्रिल २०२० मध्येच त्यांनी क्योटो विद्यापीठातून जाहीर केलं की माझ्या नावावर हे धादांत खोटं खपवलं जातंय. तो खुलासा ग्रुपवर कुणी टाकला? कुणीही नाही. खोटं पाठवताना नेट फुकट, खरं पाठवताना डेटा संपतो तुमचा.

सगळ्यांत जास्त राग मला त्या डेटॉलच्या फोटोचा आला. जंतुनाशकाच्या डब्यावर बारीक अक्षरात छापलंय की ह्यानं ह्यूमन कोरोनाव्हायरस मरतो. 'कंपनीला आधीच कसं माहीत?' अरे, कारण कोरोनाव्हायरस ही एका विषाणूची नव्हे, अख्ख्या कुळाची ओळख आहे. माणसाला साधी सर्दी देणारे त्या कुळातले विषाणू १९६० च्या दशकापासून माहीत आहेत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे फोटो पहिल्यांदा काढले जून आल्मेडा ह्या बाईंनी. ग्लासगोच्या एका बस ड्रायव्हरची मुलगी. पैशाअभावी सोळाव्या वर्षी शाळा सोडावी लागली, प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागली आणि तिथून पुढं गेली. तुमच्यातल्या पदवीधरांनी डब्यावरची ओळ वाचून कट शोधला. त्या बाईंनी शाळा अर्धवट सुटूनही बघायचं कसं ते जगाला शिकवलं. विषाणूंचं कूळ, जात, प्रकार हे मी फळ्यावर काढून शिकवलेलं आहे. तेव्हा खिडकीतून बाहेर बघत होतात.

फाइव्ह जी. मे २०२१, दुसरी लाट, माणसं ऑक्सिजनसाठी वणवण फिरत होती आणि तुम्ही लिहीत होता की ही लाट नाही, टॉवरचे किरण आहेत. देशात कुठंही फाइव्ह जीची चाचणी अजून सुरूच झालेली नाही, असं दूरसंचार विभागाला त्याच महिन्यात जाहीर करावं लागलं. सेवा सुरू झाली ऑक्टोबर २०२२ मध्ये. जो टॉवर चालूच नव्हता त्यानं माणसं मारली, हे तुम्ही फोर जीची रेंज मिळावी म्हणून गच्चीवर चढून टाइप करत होता.

आता तुमचा आवडता प्रश्न येईल: 'बाई, म्हणजे सरकार सांगेल ते मुकाट्यानं मानायचं का?' कोण म्हणालं? वुहानमधला ली वेनलियांग हा डोळ्यांचा डॉक्टर. नवाच न्यूमोनिया आलाय, सांभाळा, एवढंच त्यानं सोबतच्या डॉक्टरांना कळवलं. जानेवारी २०२० च्या सुरुवातीला पोलिसांनी त्याला बोलावून अफवा पसरवतोस म्हणून दम दिला, कागदावर सही घेतली. फेब्रुवारीत तो त्याच रोगानं गेला. तेव्हा सरकार ज्याला अफवा म्हणेल ती अफवा, असं मी सांगत नाही. शंका घ्या. विज्ञानाचा धंदाच शंकेवर चालतो. पण शंका घेणं हे काम आहे, आणि तुम्ही ते कधी केलंच नाही. तुम्ही फक्त एका मालकाचं ऐकायचं सोडून दुसऱ्याचं ऐकायला लागलात, आणि त्याला शंका म्हणता.

काम करणारे कसे दिसतात ते बघायचं असेल तर लांब जायला नको. पुण्यात डॉ. मोनाली रहाळकर आणि डॉ. राहुल बहुलीकर हे नवरा-बायको आहेत, दोघंही संशोधक, त्या आघारकर संस्थेत, ते बाएफमध्ये. कोरोनाचा उगम प्रयोगशाळेशी जोडलेला असू शकतो, ही शंका त्यांनी २०२० मध्येच घेतली. चीनच्या युन्नान प्रांतातल्या मोजियांगला एक जुनी खाण आहे. २०१२ मध्ये तिथं वटवाघळांची विष्ठा साफ करणारे सहा कामगार गंभीर न्यूमोनियानं आजारी पडले, तिघं मेले. कोरोनाच्या विषाणूशी सुमारे ९६ टक्के जुळणारा विषाणू वुहानच्या विषाणूशास्त्र संस्थेनं त्याच खाणीतून आणलेला होता. ह्या दोघांनी चिनी भाषेतले जुने प्रबंध धुंडाळले, त्या कामगारांची लक्षणं, तपासण्या, उपचार एकत्र मांडले, आणि स्वतःच्या नावानं शोधनिबंध छापला, ज्याला वाटेल त्यानं खोडून काढावा म्हणून. त्यांचा निष्कर्ष सगळ्यांनी मान्य केलेला नाही. मलाही तो पूर्ण पटलेला नाही. पण त्यांच्यासमोर मी हात जोडेन, आणि तुम्हाला मात्र बाकावर उभं करेन. त्यांच्या आणि तुमच्या तोंडी 'वुहानची प्रयोगशाळा' हेच शब्द असले तरीही.

प्रयोगशाळेतून रोग निसटतच नाहीत असंही नाही. १९७८ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमला वैद्यकीय महाविद्यालयातल्या एक छायाचित्रकार बाई देवीनं गेल्या. त्या इमारतीत देवीच्या विषाणूवर काम चालू होतं. २००४ मध्ये बीजिंगच्या संस्थेतून सार्सची लागण बाहेर आली, तिथं काम करणाऱ्या मुलीची आई त्यात दगावली. म्हणून प्रश्न रास्त आहे. उत्तर काय? मला विचाराल तर आजवरचा पुरावा प्राण्यांकडं जास्त झुकतो. सुरुवातीचे माहीत असलेले रुग्ण वुहानच्या हुआनान बाजाराभोवती दाटलेले दिसतात, बाजाराशी संबंध नसलेलेसुद्धा. आणि त्या बाजारात जिवंत रानटी जनावरं विकली जात होती. पण नेमकं कोणतं जनावर, ते सापडलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटानं जून २०२५ मध्ये तेच सांगितलं: पुराव्याचा कल प्राण्यांकडं, पण प्रयोगशाळेची शक्यता खोडता येत नाही, कारण चीननं मागितलेली माहिती दिलेली नाही. पहिल्या रुग्णांच्या विषाणूंचे जनुकीय क्रम दिले नाहीत, बाजारातल्या जनावरांचा तपशील दिला नाही, प्रयोगशाळेच्या सुरक्षेची कागदपत्रं दिली नाहीत.

तुमचं खरं पाप इथं आहे, नीट ऐका. चीनला धारेवर धरायचं होतं ते ह्या तीन गोष्टींवर. पण २०२० मध्ये कुणी शहाण्या माणसानं प्रयोगशाळेचं नाव काढलं की लोक त्याला टॉवरवाल्यांच्या, लसीत चिप असते म्हणणाऱ्यांच्या, गेट्सवाल्यांच्या रांगेत उभं करायचे. ती रांग लावून कुणी ठेवली होती? तुम्ही. कट उघडा पाडतोय म्हणत तुम्ही इतका धुरळा उडवलात, की कुणाला काही लपवायचं असलंच तर त्याला तुमच्याइतका सोयीचा साथीदार मिळाला नसता.

बिबट्याचं साल आठवा. डिसेंबर २०२०, आपल्याच तालुक्यात माणसं गेली होती, रात्रीच्या लाइटीला उसाला पाणी द्यायला कुणी बाहेर पडेना. तेव्हा पारावर एक टोळी बसलेली असायची: 'वनखात्यानंच गाडीतून आणून सोडला.' गाडी कुणी पाहिली? कुणीच नाही, पण गाडीचा रंगसुद्धा सांगत होते. आणि दुसरीकडं शाळेचं तोंड न पाहिलेले म्हातारे सकाळी बांधावर वाकून ओल्या मातीतले ठसे बघत हिंडत होते. नखं उमटलीत म्हणजे कुत्रं, नाही उमटली तर हा. माग कुठल्या रानातून कुठं गेला ते अशाच नजरेला कळतं, पारावरच्या कंड्यांना नाही. शेवटी त्याला गोळी घालावी लागली, पण कुणाला घालायची ते आधी बघावं लागलं.

आणि ही हुशारी तुम्हीच पहिल्यांदा केलीत असं समजू नका. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस ह्या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. गावभर काय बोलत होते माहीत आहे? दवाखान्यात नेतात ते माणसाची मोमियाई, म्हणजे अंगातलं औषधी तेल, काढायला. उलटं टांगतात, खाली विस्तव पेटवतात. राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं म्हणून राणी चिडलीय, तिला काळजं पाठवायची आहेत. ऑक्टोबरात गिरणी कामगार चालून गेले ते आर्थर रोडच्या इस्पितळावर. त्या लोकांना मी हसत नाही. पुढच्याच वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडचे सोल्जर घरात घुसून बायकामाणसांना तपासत होते, सामानाची होळी करत होते; असल्या सरकारवर भरवसा कोण ठेवील? त्यांच्या संशयाला कारण होतं. पण संशयाला कारण असलं म्हणून संशय खरा ठरत नाही. मोमियाई कुणी काढत नव्हतं. आणि त्या भीतीनं लोक घरातले रुग्ण लपवत राहिले, रोग पसरत राहिला. दुसऱ्या टोकाला सावित्रीबाई होत्या, रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला त्यातच गेल्या.

प्लेग आणत होती उंदरावरची पिसू. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरानं ते प्रयोग करून दाखवलं, तर बड्या बड्या शास्त्रज्ञांनी त्याला उडवून लावलं. पक्कं झालं ते १९०५ नंतर, मुंबईत प्लेग आयोगानं गिनीपिग पिंजऱ्यात टांगून, कुणाला पिसू पोहोचते, कुणाला नाही, असं वर्षानुवर्षं तपासल्यावर. १९१८ ची मानमोडी, म्हणजे तो इन्फ्लुएंझा, कुठून निघाली ह्यावर तर शंभर वर्षांनंतरही भांडण मिटलेलं नाही. उत्तराला वेळ लागतो. 'अजून माहीत नाही' हे परीक्षेत लिहिलं तर शून्य मिळतं, म्हणून तुम्ही जन्मभर काहीतरी ठोकून द्यायला शिकलात. ह्यात आमच्या परीक्षेचाही दोष आहे, तो मी घेते. बाकीचा तुमचा.

'पण बाई, एक मेसेज पुढं ढकलला तर बिघडलं काय?'

सांगते. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोंबडीतून कोरोना होतो ही कंडी पिकली. ह्याच बॅचमधल्या एकाची पोल्ट्री होती, बँकेचं कर्ज काढून टाकलेली. राज्यात लोकांनी अंडी आणि पिल्लं खड्ड्यात पुरली. त्यानं शेड विकली, आज तो पुण्याला सिक्युरिटीत आहे. तो मेसेज ग्रुपवर टाकणारा आत्ता चिकन हंडी आहे का म्हणून विचारत होता.

त्याआधी दोन वर्षं, १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. पोरं पळवणारी टोळी आलीय, असे मेसेज आधीच फिरत होते. भिक्षा मागत आलेल्या पाच नाथपंथी डवरी गोसाव्यांना जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. त्यांतली बहुतेक माणसं आपल्या सोलापूर जिल्ह्यातली होती, मंगळवेढ्याकडची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरही नव्हता. तेव्हा तुम्ही सगळे हळहळलात. आणि दोन वर्षांत तेच हत्यार हातात आल्यावर काय केलंत?

एप्रिल २०२०. 'कोरोना ह्यांनीच आणला, ह्यांच्याकडून फळं घेऊ नका, थुंकी लावून विकतात.' सोबत व्हिडिओ. कुठला, कधीचा, कुणी विचारलं नाही. त्याच काळात दिल्लीच्या तबलिगी कार्यक्रमाला येऊन गेलेल्या परदेशी लोकांवर शेजारच्या नगर जिल्ह्यात गुन्हे दाखल झाले. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि ह्यांना बळीचा बकरा बनवलेलं दिसतं, असं निकालात लिहिलं. तो निकालही ग्रुपवर आला नाही.

ज्या ग्रुपवर तो व्हिडिओ पडला, त्याच ग्रुपमध्ये तुमच्याच वर्गातला एक बागवान होता. त्याचे वडील एसटी स्टँडसमोर गाडा लावायचे. तुमच्यातल्या निम्म्यांनी त्या गाड्यावर उधारीत पेरू खाल्लेत, मीठ-मसाला लावून, आणि उधारी फेडलेलीही नाही. तो एक शब्द बोलला नाही. फक्त ग्रुप सोडला, एवढी करडी ओळ आली. तिच्याखाली कुणीतरी सूर्यफुलाचं चित्र टाकून शुभ सकाळ म्हटलं. मी वाचत होते. मला वाटलं, आता कुणीतरी विचारेल. एवढ्या मोठ्या बॅचमधून एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

तिसऱ्या रांगेतल्या, तुझ्या आईला तू लस घेऊ दिली नाहीस. त्यावर मी चारचौघांत काही बोलणार नाही. घरी येऊन जा.

आणि ज्यानं तो फळवाल्याचा व्हिडिओ टाकला, त्यानं इकडं तिकडं बघू नये; नाव मला माहीत आहे आणि त्यालाही माहीत आहे. बागवानाला आजचं निमंत्रण गेलेलं नाही, मी संयोजकांना विचारलं. त्याचा नंबर माझ्याकडं आहे, पण मी लावणार नाही. तो तू लावायचा, आत्ता, बाहेर व्हरांड्यात जाऊन, स्पीकरवर नको. आधी माफी मागायची, मग जेवायला ये म्हणायचं. उलटं केलंस तर मला कळेल. तो नाही म्हणाला तर त्याचा तो हक्क आहे, वाद घालायचा नाही. आचाऱ्याला मी सांगून ठेवलंय, पंगत अर्धा तास उशिरा बसेल.